बोबडे बोल आणि एक अर्ज

बोलण्यातल्या अडचणींना मराठीत नावे भरपूर आहेत. बोबडा, तोतरा, घोगरा, गेंगाणा, मुका. आमच्या वसमतकडे ‘जिभेनं जड’ असेही म्हणतात. नावे एवढी, पण उपाय मात्र ठरलेले. बाळगुटीत वेखंडाचे दोन वळसे जास्त द्यायचे, पोपटाने टोचलेला पेरू खाऊ घालायचा, दर्ग्यावर किंवा देवीला नवस बोलायचा. आणि शेवटी, ‘याचा चुलतासुद्धा उशिराच बोलला होता’ असे म्हणून वाट पाहायची. या वाट पाहण्यात दोन-तीन वर्षे निघून जातात, आणि मूल भाषा शिकते ते नेमके याच वर्षांत.

श्रोतेहो, या अडचणींवर शास्त्रशुद्ध उपचार करणारी माणसे असतात. त्यांना आपण स्पीच थेरपिस्ट म्हणतो. मराठीत वाचा-भाषा उपचारतज्ज्ञ म्हणता येईल. बोबडे बोल सुधारणे हा त्यांच्या कामाचा एक लहानसा भाग. पक्षाघातानंतर वाचा गेलेला माणूस, टाळू दुभंगलेले बाळ, स्वरयंत्र काढावे लागलेला कर्करोगाचा रुग्ण, घास गिळताना ठसका लागणारे म्हातारे, हे सगळे त्यांच्याकडे येतात. माझी भाची हे शिकली आणि गेल्या वर्षी तिने पुढच्या पदवीसाठी अर्ज केले. मी साधा बीए. पण कविता करतो, म्हणजे घरातला कागद वाचणारा माणूस, या हिशेबाने तिची फाईल माझ्याकडे आली. त्या फाईलमुळे मला जे कळले ते तुम्हाला सांगतो.

या विद्येची वाट बारावी विज्ञानापासून सुरू होते. पदवीचे नाव बीएएसएलपी. चार वर्षे, त्यातले शेवटचे वर्ष रुग्णांमध्ये राहून काम शिकण्याचे. महाराष्ट्रातल्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाच्या महाविद्यालयांत हा प्रवेश ‘नीट’च्या गुणांवर होतो. पदवीनंतर भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी करावी लागते. 1992 च्या कायद्याने ती सक्तीची आहे. नोंदणी नसताना व्यवसाय करणे गुन्हा ठरतो. तेव्हा ‘आठ दिवसांत तोतरेपणा बंद’ अशी पाटी दिसली की आधी नोंदणी क्रमांक विचारावा.

नोंदणी झाली की कामाला लागता येते. मग पुढे दोन वर्षांची एम.एस्सी. कशासाठी? आमच्या घरात वाद झाला तो यावरच. तिचे अब्बा मोंढ्यात मुनीम आहेत. हळदीचा हंगाम चालला तर घर चालते. ते म्हणाले, “डिग्री हाती आहे, नांदेडला पगार मिळतो, आता आणखी दोन वर्षं कोण थांबणार?” त्यांचे म्हणणे चूक नव्हते. पण भाचीला आलेली पहिली दोन्ही बोलावणी श्रवणयंत्रे विकणाऱ्यांची होती. पदवीला कान आणि वाणी दोन्ही शिकवतात. कानाच्या यंत्राला गिऱ्हाईक असते, बोलणे शिकवायला महिनोन्‌महिने जातात आणि त्याचा पैसा कमी. तिला वाणी आणि भाषा हेच काम करायचे होते, आणि त्यात खोल जायचे तर वाचा-भाषा उपचार या विषयातली पदव्युत्तर पदवी हवी.

हा प्रवेश देताना बहुतेक ठिकाणी त्याच विषयाची, परिषदेने मान्य केलेली पदवी मागतात. माझ्यासारख्या बीएवाल्याला, भाषेवर कितीही प्रेम असले तरी, दार बंद. अमेरिकेत रीत वेगळी आहे. तिथे दुसऱ्या विषयाचा पदवीधरही आधी जीवशास्त्र, भौतिक किंवा रसायनशास्त्र, संख्याशास्त्र आणि समाजशास्त्रांतले काही पाठ, शिवाय या विद्येचे मूळ पाठ पुरे करून अर्ज करू शकतो. पण तिथे नुसत्या पदवीवर स्वतंत्रपणे उपचार करता येत नाहीत. पदव्युत्तर शिक्षण लागतेच. त्यांच्या राष्ट्रीय संघटनेचे प्रमाणपत्र हवे असेल तर चारशे तास रुग्णांच्या सहवासात काढावे लागतात, त्यातले पंचवीस नुसते पाहण्याचे. तिकडे नातेवाईक असणाऱ्यांनी मुलीला ‘इकडेच ये, लगेच नोकरी मिळेल’ असे कळवण्यापूर्वी हे वाचावे.

आपल्याकडच्या संस्थांत म्हैसूरची अखिल भारतीय वाक् श्रवण संस्था जुनी, 1965 ची. मुंबईत नायर रुग्णालयात आणि पुण्यात भारती विद्यापीठातही हे शिक्षण मिळते. मुंबईच्या वांद्रे रेक्लमेशनवर 1983 साली निघालेली राष्ट्रीय संस्था आहे, तिला अली यावर जंग यांचे नाव दिले आहे. हे नाव वाचून मी थांबलो. अली यावर जंग हैदराबादचे, उस्मानिया विद्यापीठाचे कुलगुरू होते. 1958 मध्ये मराठवाडा विद्यापीठ निघेपर्यंत आमच्या भागातल्या कॉलेजांचे विद्यापीठ तेच. पुढे 1971 ते 1976 ते महाराष्ट्राचे राज्यपाल होते. आमच्या वडीलधाऱ्यांच्या गप्पांतले हे नाव बोलण्या-ऐकण्याच्या संस्थेवर पाहून बरे वाटले.

आता कागदपत्रे. पदवी आणि गुणपत्रके, रुग्णकामाचे वर्ष पुरे केल्याचा दाखला, परिषदेचा नोंदणी क्रमांक, स्थलांतर प्रमाणपत्र. इतर मागासवर्गाची जागा हवी असेल तर केंद्राच्या संस्थेला केंद्राच्या नमुन्यातलेच प्रमाणपत्र चालते. राज्याचे घेऊन गेलात तर परत पाठवतात. आमच्यासारख्यांचा खरा घोळ असतो नावाचा. मराठवाड्यातल्या मुसलमानांची नावे ‘शेख अमुक शेख तमुक’ अशी लिहितात. शाळेने आडनाव पुढे लिहिले, महाविद्यालयाने मागे, आणि एका कार्यालयाने तर वडिलांचे नाव आडनावाच्या रकान्यात टाकले. एकाच मुलीच्या कागदांवर तीन मुली झाल्या! शपथपत्र, राजपत्रात नावाची नोंद, यात दीड महिना गेला. ज्यांच्या घरी मुले दहावीला आहेत त्यांनी आत्ताच सगळे दाखले शेजारी शेजारी ठेवून पाहावेत.

या प्रवेशांसाठी बहुधा लेखी परीक्षाच असते. मात्र एका संस्थेने अर्जासोबत ‘हा विषय का निवडला’ यावर पानभर मजकूर मागितला होता, आणि पुढे मुलाखत. तिने लिहिलेले पान मी वाचले. इंग्रजी स्वच्छ होते. ‘मला समाजसेवेची आवड आहे’ इथून सुरुवात होती आणि त्या पानात वसमत कुठेच नव्हते. मातृभाषेच्या रकान्यात तिने उर्दू लिहिले होते.

मी म्हटले, “बेटा, आपण घरी उर्दू कधी बोलतो? आपण बोलतो ती दखनी.”

ती म्हणाली, “मामू, वो लिखूँ तो हसेंगे लोगां.”

त्यामागे एक गोष्ट होती. पदवीच्या पहिल्या वर्षी कुणीतरी तिला सगळ्या वर्गासमोर सांगितले होते, ‘दुसऱ्यांचे उच्चार सुधारण्याआधी स्वतःचे सुधार.’ तिचा ‘ळ’ अजून ‘ल’कडे झुकतो. मुलाखतीत तोंड उघडले की हे बाहेर येईल, ही तिची धास्ती. मला ही धास्ती नवी नाही. कविसंमेलनात कविता संपली की कुणीतरी हमखास जवळ येऊन म्हणते, ‘तुमचं मराठी किती शुद्ध!’ म्हणणाऱ्याचा हेतू चांगला असतो. पण माझ्या शेजारी बसलेल्या कवीला असे कुणी म्हणत नाही.

गंमत अशी, की तिला जी गोष्ट लपवायची होती तीच या विद्येच्या मुळाशी आहे. उच्चार वेगळा असणे आणि उच्चारात दोष असणे, यांतला फरक ओळखणे. मराठीत ‘च’ दोन आहेत. ‘चार’मधला एक आणि ‘चारा’मधला दुसरा. लिहिताना एकच अक्षर, बोलताना जीभ वेगळ्या जागी लागते. दखनी किंवा हिंदी बोलणाऱ्या घरातले मूल दोन्ही सारखेच म्हणते, कारण त्याच्या घरच्या भाषेत तो दुसरा ‘च’ नाहीच. तसाच ‘ळ’. उलट दखनीत क़लमचा ‘ख़लम’ होतो. लखनौच्या माणसाला ती चूक वाटेल, हैदराबादेत ती रीत आहे. आमचा ‘नक्को’ मराठीच्या ‘नको’वरून आला आणि ‘ऐसाइच’मधला ‘च’ही मराठीचाच. आमच्या गावाचे नावसुद्धा मराठीत वसमत, दखनीत बसमत, आणि रेल्वेच्या वेळापत्रकातही बसमतच. यात आजार कुठे आहे?

आता दुसरे मूल घ्या. सहा वर्षांचे आहे आणि काकाला ‘ताता’ म्हणते, कपाला ‘तप’. घरी दखनी बोलतानाही ‘किताब’ची ‘तिताब’ होते. याला उपचार हवेत. खरा दोष मुलाच्या सगळ्या भाषांत दिसतो. एकाच भाषेत दिसतो तो बहुधा दोष नसतो, ती भाषा त्याला नवी असते. ऐकायला सोपे आहे, पण पारखायचे तर तपासणाऱ्याला मुलाच्या घरची भाषा यावी लागते, किंवा निदान ती विचारावी लागते.

रुग्णकामाच्या वर्षात भाचीने याच्या दोन्ही बाजू पाहिल्या होत्या. एका मुलीला ‘भाषेत मागे’ म्हणून पाठवले होते. ती घरी तास तास गोष्टी सांगायची. मराठी शाळेत येऊन तिला जेमतेम चार महिने झाले होते. आणि एका मुलाबद्दल सगळे म्हणत होते, ‘त्याच्या घरी उर्दू आहे, म्हणून वर्गात बोलत नाही.’ त्याचे कान तपासले तर ऐकूच कमी येत होते. घरच्या भाषेवर बिल टाकून दोन वर्षे वाया गेली होती. पहिल्या मुलीचे फार नुकसान झाले नसेल. दुसऱ्याचे झाले. म्हणून मूल दोन वर्षांचे झाले आणि दोन शब्द जोडून बोलत नसेल, तर कोणती भाषा वगैरे चर्चा नंतर. आधी कानाची तपासणी.

मोठ्यांतही हेच. मोंढ्यात आयुष्य काढलेल्या एका बुजुर्गांना पक्षाघात झाला. घरच्यांशी दखनीत एक शब्द निघेना, पण भाव आणि वजने मराठीत बरोबर सांगत. घरच्यांना वाटले, हे आपल्यावर रुसलेत. वाचा परतताना आधी शिकलेली भाषा आधी येते, असे फ्रान्सच्या रिबो यांनी 1881 मध्ये मांडले. 1895 मध्ये पीत्र यांनी म्हटले, की जास्त वापरातली आधी येते. प्रत्यक्षात दोन्ही प्रकार दिसतात. मग अशा माणसावर उपचार कोणत्या भाषेत करायचे? एकच भाषा येणाऱ्या तज्ज्ञाला हा प्रश्न सुचणेही अवघड.

हे सगळे तिने मला सांगितले, आणि मी म्हटले, “मग हेच लिही की!” तिने पान नव्याने लिहिले. मातृभाषा दखनी. बाजाराची आणि शाळेची मराठी. मदरशात वाचलेली उर्दू. समाजसेवेचे वाक्य काढले, त्या जागी ती दोन मुले आली. आणि एक काम लिहिले, जे तिला प्रबंधासाठी करायचे होते. मुलांचे उच्चार तपासायच्या कसोट्या इंग्रजीवरून आलेल्या किंवा एखाद्या शहरातल्या मुलांवर बेतलेल्या असतात. चित्र दाखवायचे, मुलाने नाव सांगायचे. पण चित्रातल्या वस्तूला आमच्याकडे दुसराच शब्द असेल तर मूल गप्प बसते आणि कागदावर शून्य पडते. दोन भाषांत वाढणाऱ्या आमच्याकडच्या मुलांसाठी शब्द निवडायचे, हे तिचे काम.

याची गरज किती, ते मराठवाड्यात राहणाऱ्याला सांगायला नको. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम 2013 साली आपल्याच पालघरहून सुरू झाला. त्यात शाळा-अंगणवाडीत मुले तपासतात, आणि पुढच्या उपचारांच्या जिल्हा केंद्रात वाचा-श्रवण तज्ज्ञाचे पद ठेवलेले आहे. केंद्राच्या ‘अडिप’ योजनेतून लहान बहिऱ्या मुलांच्या कानात इलेक्ट्रॉनिक यंत्र बसवण्याची महागडी शस्त्रक्रिया होते. पण यंत्र बसले म्हणजे मूल बोलू लागले असे नाही. आवाज म्हणजे काय, हे त्याला पुढे काही वर्षे शिकवावे लागते. वसमतहून नांदेड चाळीसेक किलोमीटर. आठवड्यातून दोन खेपा, आईचा रोज बुडतो, घरी धाकटे असते. तीन महिन्यांत खेपा थांबतात. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात वाचा आणि भाषेचे अपंगत्व वेगळे नोंदले गेले, हे चांगले झाले. पण दाखला मिळाला तरी बोलणे शिकवणारा माणूस गावाजवळ लागतोच.

तिच्या अब्बांनी नवे पान माझ्याकडून मराठीत समजून घेतले. काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी परीक्षेचे शुल्क भरायला मात्र स्वतः गेले.

त्या मुलाखतीत तिला विचारले, की दखनी ही भाषा आहे का उर्दूचे बिघडलेले रूप? तिने तिथेच ‘चार’ आणि ‘चारा’ म्हणायला सुरुवात केली, आणि समोरच्यांपैकी दोघे अमराठी होते, त्यांनाही म्हणायला लावले. त्यांना ‘चारा’ जमेना. ती जागा तिला मिळाली. सध्या ती वसतिगृहात आहे आणि दर रविवारी माझ्याकडून काम करून घेते. गल्लीतल्या पाच-सहा वर्षांच्या पोरांना चित्रे दाखवायची आणि ती जे म्हणतील ते जसेच्या तसे लिहून पाठवायचे. कुलपाला निम्मी पोरे कुलूप म्हणतात, निम्मी ताला, आणि एकजण ‘लॉक’. मी तिन्ही लिहून पाठवले आहेत.