लाखाची मोजदाद

विद्यापीठांची मैदानं : लेखांक ६

गेल्या आठवड्यात आपण येल विद्यापीठाचं १९१४ सालचं खोलगट मैदान पाहिलं. त्याच धाटणीचं, पण त्याहून अवाढव्य मैदान म्हणजे ॲन आर्बर गावातलं, मिशिगन विद्यापीठाचं मिशिगन स्टेडियम. तिथले लोक त्याला ‘बिग हाऊस’ म्हणतात. इथे खेळला जाणारा फुटबॉल अर्थातच अमेरिकी : लांबुडका चेंडू, हेल्मेट आणि धक्काबुक्की.

हे मैदान उभं केलं फील्डिंग योस्ट यांनी. १९०१ मध्ये ते प्रशिक्षक म्हणून आले आणि पुढे क्रीडा विभागाचे प्रमुख झाले. पैशासाठी त्यांनी प्रत्येकी ५०० डॉलरचे रोखे काढले. रोखा घेणाऱ्याला मोक्याच्या जागांची तिकिटं विकत घेण्याचा हक्क मिळाला, त्यामुळे प्रेक्षकच सावकार झाले. खर्च आवाक्यात राहावा म्हणून उंच बांधण्याऐवजी खाली खणलं. जमिनीत पाणी वर होतं, चिखल फार. त्यात रुतलेली एक क्रेन अजून मैदानाखालीच आहे, असं गावात सांगतात.

१९२७ मध्ये स्टेडियम खुलं झालं तेव्हा जागा होत्या ७२,०००. पण योस्ट यांनी पाया घातला तो पुढे लाखावर माणसं बसतील अशा हिशोबाने. त्या काळी अनेकांना ही चैन वाटली असेल. १९५६ मध्ये मात्र आसनसंख्या १,०१,००१ झाली आणि तो पाया कामी आला.

शेवटचा तो एक कशाला? फ्रिट्झ क्रिस्लर हे आधी इथले प्रशिक्षक आणि नंतर क्रीडाप्रमुख. ती एक जागा त्यांच्या मानाची, असं मानतात. ती नेमकी कुठे, हे गुपित आहे. आजचा अधिकृत आकडाही १,०७,६०१. शेवटचा एक तसाच.

मोजण्याचा हा नाद मग मैदानाची ओळखच बनला. ८ नोव्हेंबर १९७५ पासून इथल्या प्रत्येक सामन्याला लाखावर प्रेक्षक येत आले आहेत. अपवाद फक्त २०२० च्या महासाथीतल्या हंगामाचा. २०१३ मध्ये नोत्र दाम विद्यापीठाच्या संघाविरुद्ध १,१५,१०९ लोक होते. खुर्च्या थोड्याच, बहुतेक जागा म्हणजे लांबलचक बाक. तेव्हा थंडीत जाड कोट घालून आलेल्यांना जरा सरकून घ्यावंच लागतं.

सामन्याआधीचा क्षण बघण्यासारखा. बँड ‘द व्हिक्टर्स’ हे १८९८ मधलं विजयगीत वाजवतो. मैदानाच्या मध्यावर ‘गो ब्लू’ लिहिलेला निळा फलक धरून माजी खेळाडू उभे असतात. बोगद्यातून धावत येणारे खेळाडू त्याखालून जाताना उडी मारून त्याला हात लावतात. ही प्रथा १९६२ ची. हेल्मेटवर पिवळे पंख रंगवण्याची पद्धत त्याहून जुनी, १९३८ ची. ती आणली क्रिस्लर यांनीच.

जमिनीत खणलेल्या मैदानाची एक अडचण आहे : आत-बाहेर करायला बोगदा एकच, तोही दोन्ही संघांना मिळून. २०२२ मध्ये सामना संपल्यावर तिथेच मिशिगन आणि मिशिगन स्टेट या दोन विद्यापीठांच्या खेळाडूंत हाणामारी झाली. प्रकरण कोर्टापर्यंत गेलं. पुढच्या वर्षी बोगद्याचं तोंड रुंद करण्यासाठी बाजूच्या काही जागा काढल्या. एकेका जागेचा हिशोब ठेवणाऱ्या या मैदानाने त्या दिल्या, पण अधिकृत आकडा मात्र हलू दिला नाही.

पुढील लेखांकात : हार्वर्डचं १९०३ मधलं काँक्रीटचं स्टेडियम. मैदान रुंद करता येईना, म्हणून खेळाचे नियम कसे बदलले त्याची गोष्ट.