गळा आणि गज : पं. गजाननबुवा जोशी

पंडित गजाननबुवा जोशी (१९११–१९८७) हे हिंदुस्थानी संगीतात व्हायोलिनला स्वतंत्र मैफलीचे वाद्य म्हणून उभे करणाऱ्या पहिल्या पिढीतले थोर वादक. गायक म्हणूनही त्यांचा अधिकार तेवढाच मोठा होता. त्यांचे वादन त्यांच्या गाण्यातूनच घडले.

बुवांचा जन्म मुंबईचा. वडील अनंत मनोहर तथा अंतुबुवा जोशी हे बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांचे शिष्य आणि औंध संस्थानचे दरबारगायक. त्यामुळे ग्वाल्हेर गायकीची तालीम बुवांना घरातच मिळाली. पुढे त्यांनी रामकृष्णबुवा वझे यांच्याकडे शिक्षण घेतले. जयपूर घराण्याची विद्या अल्लादिया खाँसाहेबांचे चिरंजीव भूर्जी खाँ यांच्याकडून, तर आग्रा घराण्याची विलायत हुसेन खाँ यांच्याकडून मिळवली. घराण्यांच्या सीमा कडक पाळल्या जात, त्या काळात एकाच साधकाने तीन गायकी आत्मसात करणे ही असामान्य गोष्ट होती. तबल्याच्या अभ्यासाने त्यांची लयही पक्की झाली.

व्हायोलिन मूळचे युरोपातले. एकोणिसाव्या शतकात बालुस्वामी दीक्षितरांनी ते कर्नाटक संगीतात रुजवले. उत्तरेकडच्या मैफलीत त्याला स्वतंत्र जागा मिळाली ती विसाव्या शतकात. व्हायोलिनला पडदे नसतात, म्हणून तारेवरून बोट न उचलता सरकवले की गळ्यातल्यासारखी अखंड मींड निघते. आपल्याकडचा वादक मांडी घालून बसतो आणि वाद्याचे टोक उजव्या पायाच्या घोट्यावर टेकवतो. वाद्य सावरण्याच्या कामातून डावा हात त्यामुळे सुटतो आणि तारेवर मोकळेपणाने फिरतो.

व्हायोलिनचा हात बुवांनी मुख्यतः स्वतःच्या मेहनतीने तयार केला. वाद्यातून शब्द उमटत नाहीत, ते काम गजाला करावे लागते. एका गजात अनेक स्वर ओढले की आकाराचा भास होतो. गज पालटला की नवे अक्षर उच्चारल्यासारखे वाटते. बंदिश मनात गात वाजवणाऱ्यालाच हे नेमके साधते. ग्वाल्हेरची बंदिशीची स्वच्छ मांडणी, जयपूरची अनवट रागांतली गुंफण आणि आग्र्याची लयकारी हे सारे धन त्यांच्या हाताशी होते. म्हणून त्यांचे वादन निव्वळ बोटांच्या तयारीपुरते उरले नाही, त्याला गायकीचा भरीव आधार मिळाला.

मैफलींबरोबरच बुवांनी आकाशवाणीवर काम केले, बंदिशी रचल्या आणि १९७२ साली संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार मिळवला. ‘मालनिया गुंदलावो’ हा त्यांचा बंदिशसंग्रह. गुरू म्हणूनही त्यांचे काम मोठे आहे. चिरंजीव मधुकर जोशी यांनी व्हायोलिनची परंपरा पुढे नेली. गायनात उल्हास कशाळकर, अरुण कशाळकर, पद्मा तळवलकर यांच्यासारखे शिष्य त्यांच्या तालमीत घडले. उल्हास कशाळकरांच्या गाण्यात तिन्ही घराणी आपापला बाज राखून नांदतात, हे त्या तालमीचेच फळ.

अंतुबुवांनी आपले गुरू शिवानंद स्वामी यांच्या स्मरणार्थ १९४० साली औंधला संगीत महोत्सव सुरू केला. तो वारसा बुवांनी सांभाळला आणि पुढच्या पिढ्यांनीही जपला. व्हायोलिन शिकणाऱ्याने आधी गाणे शिकावे, असे आपल्याकडे सांगितले जाते. गजाननबुवांची कारकीर्द हा त्याचा सर्वांत भक्कम पुरावा आहे.