चहातली पांढरी गोळी

खिशातून प्लॅस्टिकची छोटी डबी निघते, वरचं बटण दाबलं जातं आणि टक् करून एक पांढरी गोळी चहात पडते. मधुमेह असलेल्या कितीतरी घरांत हे आता रोजचंच झालं आहे. डाळीच्या दाण्याहून थोडी लहान अशी ती गोळी चमचाभर साखरेचं काम करते. तिच्यातला गोड पदार्थ वजन करायला गेलं तर काही मिलिग्रॅमच भरतो. बाकी सगळी भर असते, बहुधा लॅक्टोजची, नाहीतर गोळी चिमटीत धरताही आली नसती.

एवढ्याशा पदार्थात इतका गोडवा येतो कुठून? गोड लागणं ही साखरेची मक्तेदारी नाही. जिभेवर गोड चव ओळखणारी विशिष्ट प्रथिनं असतात. त्यांना जो रेणू नेमका जाऊन चिकटतो, तो आपल्याला गोड लागतो. साखर त्यांना सैलसर चिकटते, म्हणून ती चमच्याने घालावी लागते. अ‍ॅस्पार्टेम साखरेच्या सुमारे २०० पट गोड, सॅकरिन ३०० ते ४०० पट आणि सुक्रालोज सुमारे ६०० पट.

उष्मांकांचा हिशोब मात्र प्रत्येकाचा वेगळा. अ‍ॅस्पार्टेम शरीरात पचतं, आणि एका ग्रॅममागे साखरेइतकेच ४ उष्मांक देतं. पण कपभर चहाला ते साधारण २० मिलिग्रॅम पुरतं, त्यामुळे मोजण्यासारखं काही उरत नाही. सुक्रालोजची गोष्ट निराळी आहे. साखरेच्या रेणूतले तीन हायड्रॉक्सिल गट काढून त्या जागी क्लोरीनचे अणू बसवले की सुक्रालोज तयार होतं. बदल एवढाच, पण आपली पाचकद्रव्यं मग त्या रेणूला हात लावत नाहीत आणि त्याचा बहुतेक भाग जसाच्या तसा शरीराबाहेर पडतो.

हे पदार्थ शोधायला कुणी निघालं नव्हतं. १८७९ साली अमेरिकेत बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात कॉन्स्टँटिन फालबर्ग हा रसायनतज्ज्ञ दगडी कोळशाच्या डांबरातून मिळणाऱ्या रसायनांवर काम करत होता. हात न धुता तो जेवायला बसला आणि पाव गोड लागला. ते सॅकरिन. प्रयोगशाळा आयरा रेमसन यांची होती, शोधनिबंधावर नावं दोघांची होती, पण पेटंट फालबर्गने स्वतःपुरतं घेतलं आणि ते रेमसन यांच्या मनाला फार लागलं. १९६५ साली जठरातल्या व्रणावरचं औषध शोधणाऱ्या जेम्स श्लॅटरने कागद उचलण्यासाठी बोट जिभेला लावलं आणि अ‍ॅस्पार्टेम सापडलं.

सुक्रालोजच्या शोधात तर मराठी वाचकाला ओळखीचं वाटेल असं नाव आहे. १९७६ साली लंडनच्या क्वीन एलिझाबेथ कॉलेजमध्ये प्रा. लेस्ली हफ यांच्या गटात शशिकांत फडणीस काम करत होते. टेट अँड लाइल या साखर कंपनीबरोबर क्लोरीनयुक्त साखरेचं संशोधन चाललं होतं. एका संयुगाची चाचणी घ्या, असं त्यांना इंग्रजीतून सांगण्यात आलं. ‘टेस्ट’ हा शब्द ऐकून फडणिसांना वाटलं, चव घ्यायला सांगितली आहे, आणि त्यांनी ती घेतली. आज जगभरच्या चहा-कॉफीत, पेयांत आणि औषधी सिरपांत जे सुक्रालोज असतं, ते या गैरसमजातून हाती आलं.

गोडव्याबरोबर भीतीही आलीच. कॅनडात उंदरांवर झालेल्या प्रयोगांत सॅकरिनमुळे मूत्राशयाचा कर्करोग होतो असं दिसलं आणि १९७७ साली अमेरिकेच्या अन्न-औषध प्रशासनाने बंदीची तयारी केली. मधुमेहींनी आणि वजनाची काळजी करणाऱ्यांनी मोठा गदारोळ केला. शेवटी अमेरिकी काँग्रेसने बंदी थोपवली आणि पाकिटावर इशारा छापण्याची सक्ती केली. पुढे कळलं की नर उंदराच्या मूत्राची घडणच अशी असते की सॅकरिनच्या मोठ्या मात्रेने त्यात खडे धरतात आणि मूत्राशयाचं अस्तर सतत दुखावत राहतं. माणसात तसं होत नाही. २००० साली तो इशारा हटला. मधल्या दोन दशकांत मनात बसलेली धास्ती मात्र अजून गेलेली नाही.

२०२३ च्या जुलैमध्ये पाळी अ‍ॅस्पार्टेमची आली. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने त्याला ‘कर्करोगकारक असण्याची शक्यता’ या गटात टाकलं आणि मथळे झळकले. हा गट कमजोर पुराव्याचा आहे. संपूर्ण पानातून काढलेला कोरफडीचा अर्कही त्यातच आहे. ही संस्था एखादा पदार्थ अपाय करू शकतो का, एवढंच पाहते. किती खाल्ल्यावर, ते दुसरी समिती ठरवते. त्या समितीने त्याच दिवशी जुनी मर्यादा कायम ठेवली: शरीराच्या दर किलो वजनामागे रोज ४० मिलिग्रॅम. म्हणजे ७० किलोच्या माणसाने डाएट पेयाचे रोज ९ ते १४ कॅन रिचवले, तरच ती ओलांडली जाईल. चहात चार गोळ्या टाकणारा माणूस तिच्या आसपासही पोचत नाही. फिनाइलकिटोन्युरिया हा जन्मजात आजार असलेल्यांनी मात्र अ‍ॅस्पार्टेम पूर्ण टाळायचं असतं. त्यातलं फिनाइलॅलॅनिन त्यांच्या शरीराला हाताळता येत नाही.

खरा वाद आहे तो वजनाचा. मे २०२३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने सांगितलं की वजन आटोक्यात ठेवण्यासाठी हे पदार्थ वापरू नयेत. त्यात स्टीव्हियाही आलं. वनस्पतीतून मिळतं म्हणून त्याला सूट नाही. ज्यांना आधीपासून मधुमेह आहे त्यांना ही शिफारस लागू नाही, हेही तिथेच लिहिलं आहे, पण ते वाक्य फारसं पुढे आलं नाही. थोड्या महिन्यांच्या प्रयोगांत साखरेऐवजी हे पदार्थ घेणाऱ्यांचं वजन किंचित उतरतं. वर्षानुवर्षांच्या पाहणीत मात्र तो फायदा दिसत नाही, उलट मधुमेह आणि हृदयविकार जास्त आढळतात. हा दोष गोळीचा, की आधीच वजन वाढलेली माणसंच गोळीकडे वळतात म्हणून आकडे तसे दिसतात, याचा निकाल अशा पाहणीतून लागत नाही.

इस्रायलच्या वाइझमन संस्थेने २०२२ साली १२० निरोगी माणसांवर केलेल्या प्रयोगात सॅकरिन आणि सुक्रालोजने काहींच्या आतड्यातल्या जिवाणूंत आणि रक्तातल्या साखरेच्या प्रतिसादात फरक पाडला. याउलट चेन्नईच्या मद्रास डायबेटिस रिसर्च फाउंडेशनने २०२४ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात टाइप २ मधुमेहींनी १२ आठवडे चहा-कॉफीतल्या साखरेऐवजी सुक्रालोज घेतलं. त्यांची तीन महिन्यांची सरासरी साखर बिघडली नाही, वजन आणि कमरेचा घेर थोडा घटला. आपल्याला हा दुसरा अभ्यास जवळचा आहे, कारण आपली साखर चहातूनच जाते. दोन चमचे साखरेचे चार कप म्हणजे जवळपास ४० ग्रॅम साखर आणि १६० उष्मांक. दिवसाला २००० उष्मांक घेणाऱ्यासाठी वरून घातलेल्या साखरेची कमाल मर्यादा आहे ५० ग्रॅम. म्हणजे जेवणातलं गोड ताटात येण्याआधीच चहाने ती संपवत आणलेली असते.

चहात जमलं ते कढईत जमत नाही. रव्याच्या लाडवाला एकतारी पाक लागतो. सुक्रालोजचा पाक होतच नाही, कारण तार धरायला साखरेचं प्रमाण लागतं, नुसती चव नाही. मोरंबा वर्षभर टिकतो तो साखर पाणी धरून ठेवते आणि बुरशीला वाढू देत नाही म्हणून. गोळ्यांचा मोरंबा आठवड्यात नासेल. श्रीखंडाचं त्यातल्या त्यात जमतं, पण साखर काढल्यावर उरतो तो फक्त चक्का, त्यामुळे वाटीत श्रीखंड कमी आणि आंबटपणा जास्त भरतो. अ‍ॅस्पार्टेम फार वेळ उकळलं तर त्याचा गोडवाच जातो, म्हणून ते गॅस बंद केल्यावर घालायचं.

दुकानातली ‘शुगर फ्री’ मिठाई हा तर वेगळाच घोळ आहे. काजूकतलीत काजू तेवढेच असतात, पेढ्यात खवा तेवढाच आणि बेसनाच्या लाडवात तूप तेवढंच. साखरेच्या जागी बऱ्याचदा माल्टिटॉल असतं. ते साखरेच्या निम्म्याहून थोडे जास्त उष्मांक देतं आणि जास्त खाल्लं तर पोट बिघडवतं. तेव्हा मिठाईचा पुडा उलटा करून मागची बारीक अक्षरं वाचावीत. ९५० म्हणजे अ‍ॅसिसल्फेम, ९५१ अ‍ॅस्पार्टेम, ९५४ सॅकरिन, ९५५ सुक्रालोज, ९६० स्टीव्हिया आणि ९६५ म्हणजे माल्टिटॉल. आणि साखर सोडून गुळाचा चहा पिणाऱ्या मधुमेहींना कुणीतरी घरातल्याच माणसाने प्रेमाने सांगायला हवं की गूळ, मध आणि खडीसाखर रक्तात शिरल्यावर साखरच असतात.

भारतात १० कोटींहून अधिक लोकांना मधुमेह आहे, असा भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२३ च्या पाहणीचा अंदाज आहे. त्यातल्या ज्यांना गोड चहा सुटत नाही, त्यांनी दिवसाला चार गोळ्या निर्धास्त घ्याव्यात. मधुमेह नसलेल्यांनी बारीक होण्यासाठी गोळीच्या भरवशावर राहू नये. महिन्याला अर्धा चमचा साखर कमी करत गेलं की जीभ कमी गोडाला सरावते. लहान मुलांना या पदार्थांची सवय लावूच नये.

आणि एक गोष्ट प्रत्येक मधुमेहीच्या घरात माहीत असायला हवी. इन्सुलिन किंवा औषधामुळे रुग्णाची साखर एकदम उतरली, दरदरून घाम सुटला, हात थरथरू लागले, तर डाएट पेय किंवा गोळी घातलेलं सरबत त्याच्या काहीही उपयोगाचं नाही. तो शुद्धीवर असेल आणि त्याला गिळता येत असेल, तर त्याला खरी साखर किंवा ग्लुकोज द्या, तीन चमचे, लगेच. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीही न घालता त्याला ताबडतोब दवाखान्यात न्या.