नागझिऱ्यातली गोष्ट, डेन्मार्कचा सूर

दिवाळी सरते न सरते तोच भंडारा जिल्ह्यात मंडईचा, म्हणजे गावजत्रांचा, हंगाम सुरू होतो. तुमसर तालुक्याच्या टोकाला, मध्य प्रदेशच्या हद्दीला लागून असलेलं बपेरा घ्या, नाहीतर खाली साकोली-लाखनीकडचं कुठलंही गाव घ्या. दिवसा दंडार हे लोकनाट्य आणि रात्री नाटक हा शिरस्ता ठरलेला. वडशाच्या नाट्यमंडळ्या होळीपर्यंत गावोगाव फिरतात. खेळ रात्री उशिरा सुरू होतो आणि पहाटेपर्यंत चालतो. वादक रंगमंचाच्या पुढ्यातच बसतात. पूर्वी ऑर्गन आणि तबला असे, आता जोडीला कॅसिओ आणि ऑक्टोपॅड आले. खलनायक शिरला की कॅसिओवाला खर्जातला एक सूर दाबून धरतो.

म्हणजे विजेवरचं वाद्य, भयाचा सूर आणि गोष्ट हे तिन्ही इथे कधीचे एकत्र आलेले आहेत. तरीही पहिल्या रांगेतलं पोर घाबरत नाही, कारण सूर धरणारा माणूस त्याला दिसतो, एका हाताने खर्रा घोळतानाही दिसतो. झाडीपट्टीच्या, म्हणजे या मुलखातल्या, प्रेक्षकाला वादक डोळ्यांसमोर हवाच असतो; गाण्याला दाद द्यायची तर ती कुणाला द्यायची? भयाला मात्र नेमका उलटा नियम लागू होतो. आवाज कुठून येतोय हे कळलं की भीती निम्मी संपते.

इलेक्ट्रॉनिक संगीत भयकथेच्या इतक्या कामी आलं ते याच कारणाने, असं माझं मत आहे. व्हायोलिन ऐकताना गज डोळ्यांसमोर येतो, सनई ऐकताना फुगलेले गाल आठवतात. यंत्राच्या सुरामागे शरीर नसतं. १९२० च्या सुमारास रशियात लेव तेरेमिनने असं वाद्य केलं की वाजवणारा त्याला हातही लावत नाही, हवेत बोटं हलवतो. १९४५ च्या ‘स्पेलबाउंड’मध्ये मनाची पडझड सांगायला हॉलिवूडने तेच वापरलं. पुढे १९६३ मध्ये हिचकॉकने ‘द बर्ड्स’मधून नेहमीचं पार्श्वसंगीत काढूनच टाकलं. त्या चित्रपटातली बरीचशी चिरकी किलबिल ट्राउटोनियम या विद्युत वाद्यावर ऑस्कर सालाने घडवलेली आहे. पक्षी पडद्यावर, आणि आवाज जर्मनीतल्या यंत्रातला!

जॉन कार्पेंटरचा ‘हॅलोविन’ (१९७८) हा या वाटेवरचा मोठा टप्पा. दिग्दर्शकानेच तीन दिवसांत पियानो आणि सिंथेसायझरवर संगीत उरकलं. संगीताविना चित्रपट पाहणाऱ्या स्टुडिओच्या अधिकारी बाईंना भीती वाटली नव्हती, संगीतासह पाहिल्यावर त्यांचं मत बदललं, असं कार्पेंटरनेच लिहिलं आहे. त्याची मुख्य धून पाच मात्रांची आहे. वडिलांनी लहानपणी बोंगोवर शिकवलेला तो ठेका. पाश्चात्त्य समीक्षक भीतीचं श्रेय अनेकदा त्या पाच मात्रांना देतात. झपतालाचं २-३-२-३ कानात मुरलेल्या आपल्या श्रोत्याला पाचाचं कसलं अप्रूप? त्याला टोचतं ते वेगळंच. ती धून समेवर येऊन विसावत नाही. तीच आकृती फिरत राहते, नुसती खाली घसरते.

विसाव्याचा हा मुद्दा तंबोऱ्याशी ताडून पाहण्यासारखा आहे. षड्ज-पंचम जुळले की अखंड सूर माणसाला आधार देतो, गायक त्यावर निर्धास्त पाऊल टाकतो. आता सिंथेसायझरवर ५५ हर्ट्झचा एक सूर लावा आणि शेजारी ५६ चा. दोन सूर वेगळे ऐकू येत नाहीत. आवाज मात्र सेकंदाला एकदा फुगतो आणि ओसरतो, अंधारात कुणी श्वास घेत असल्यासारखा. अंतर अर्ध्या हर्ट्झवर आणलं की एक लाट दोन सेकंदांची होते. हे अंतर हळूहळू वाढवत नेलं तर चाल नाही, शब्द नाहीत, तरी काहीतरी जवळ येतंय एवढी गोष्ट सांगून होते. आधार देणारा सूरच दगा देतो, हे त्यातलं कथानक.

मराठी भयकथेची आणि या सुराची गाठ पडली त्याचा उगम योगायोगाने याच मुलखात आहे. नागझिरा अभयारण्य १९७० चं. व्यंकटेश माडगूळकरांनी त्यावर आख्खं पुस्तक लिहिलं. १९९३ मध्ये अभयारण्य भंडारा जिल्ह्यातच होतं. गोंदिया वेगळा झाला १९९९ ला. त्या १९९३ मध्ये राही अनिल बर्वे हा ‘थँक यू मिस्टर ग्लाड’वाल्या अनिल बर्वेंचा मुलगा तिथे होता, आणि एका मित्राने त्याला नारायण धारपांची कथा सांगितली. वाचून दाखवली नाही, सांगितली. पोरगा हादरला. (त्याच वर्षी झी टीव्हीवर रामसे बंधूंचा ‘झी हॉरर शो’ आला, त्यात काय किंचाळ्या असायच्या! त्या मात्र हसत हसत ऐकल्या जायच्या.)

१९९७ मध्ये, अठराव्या वर्षी, राहीने पहिला खर्डा लिहिला. त्यातून पुढे ‘तुंबाड’ हा चित्रपट झाला. नाव श्री. ना. पेंडश्यांच्या ‘तुंबाडचे खोत’वरून. आजीचा प्रसंग धारपांच्या ‘आजी’वरून, आणि ती कथा मुळात स्टीफन किंगच्या ‘ग्रामा’वर बेतलेली. अमेरिकेतल्या मेनमधली म्हातारी धारपांच्या पुण्यामार्गे कोकणात आली, तरी कुणाला उपरी वाटली नाही. चित्रीकरण २०१२ मध्ये झालं, बरंच टाकून २०१५ मध्ये पुन्हा झालं. १२ ऑक्टोबर २०१८ ला चित्रपट लागला. त्याआधी व्हेनिसच्या समीक्षक सप्ताहाची सुरुवात त्याने झाली होती.

शीर्षकगीत अजय-अतुलचं, पार्श्वसंगीत मात्र डेन्मार्कच्या येस्पर कीडकडे गेलं. १९७२ चा जन्म. हा मनुष्य घडला तो कमोडोर आणि अमिगा या घरगुती संगणकांवर. अमिगावर एका वेळी चारच ध्वनिमार्ग मिळत. ठेका, खर्ज, चाल आणि वातावरण सगळं चारांत बसवायचं म्हणजे कुठे गप्प राहायचं ते आधी शिकावं लागतं. पुढे ‘हिटमॅन’ आणि ‘असासिन्स क्रीड’ या खेळांच्या संगीताने त्याचं नाव झालं. खेळाच्या संगीताला एक विलक्षण अट असते: खेळाडू दालनात किती वेळ घुटमळेल हे संगीतकाराला ठाऊक नसतं. सूर ताणत ठेवायचा, पण उकलायचा नाही.

‘तुंबाड’ला हेच मानवलं. कथा १९१८, १९३३ आणि १९४७ अशा तीन पर्वांतून जाते. माणसं बदलतात, हाव तीच. पाऊस जवळजवळ थांबतच नाही. त्या पावसाखाली वाद्यवृंद कुठे संपतो आणि यंत्र कुठे सुरू होतं हे मला कानाने ठरवता येत नाही. यातलं श्रेय कुणाल शर्मांच्या ध्वनिरचनेलाही द्यायला हवं; तिला फिल्मफेअर मिळालं. हस्तर हा गोष्टीतला शापित देव दिसण्याच्या कितीतरी आधी तो ऐकू येऊ लागलेला असतो, आणि प्रत्यक्ष दिसतो तेव्हा, खरं सांगायचं तर, थोडा कमी भीतिदायक होतो.

१३ सप्टेंबर २०२४ ला ‘तुंबाड’ पुन्हा चित्रपटगृहांत लागला आणि पहिल्या वेळेपेक्षा जास्त कमाई करून गेला. मधल्या सहा वर्षांत तो असंख्य लोकांनी मोबाइलवर पाहिला होता. मोबाइलच्या चिमुकल्या स्पीकरला ५५ हर्ट्झचा सूर झेपत नाही. म्हणजे ज्यांनी चित्रपट आधी फक्त त्या स्पीकरवर पाहिला होता, त्यांनी त्यातला खर्ज ऐकला तो या वेळी पहिल्यांदाच.