दूरमापन आकाशक, उपग्रहीय

दूरमापन आकाशक, उपग्रहीय : दूरस्थ हवामान केंद्राने अथवा नदीपातळी मापकाने नोंदलेली माहिती रेडिओ तरंगांच्या रूपाने कृत्रिम उपग्रहाकडे पाठविणारे साधन. आकाशकास व्यवहारात अँटेना म्हणतात. केंद्राची विद्युत् घटमाला व नोंदयंत्र पेटीत सुरक्षित ठेवता येतात. आकाशक मात्र उघड्यावरच असावा लागतो. पुरात तारा तुटून रस्ते बंद पडतात, तेव्हाच त्याची खरी गरज असते.

भारतात अशा माहितीच्या पुनःप्रेषणाची सोय इन्सॅट-१ मालिकेपासून झाली. इन्सॅट-१ए (१९८२) अल्पायुषी ठरला. इन्सॅट-१बी (१९८३) मात्र यशस्वी झाला. केंद्राकडून उपग्रहाकडे जाणारा संदेश सु. ४०२·७५ मेगॅहर्ट्‌झ कंप्रतेचा असतो. भारतीय हवामानशास्त्र विभागाच्या स्वयंचलित केंद्रांचे संदेश उपग्रहामार्फत पुणे येथील भूकेंद्रात घेतले जातात.

या कंप्रतेस तरंगलांबी सु. ७५ सेंमी. असल्याने आकाशकाच्या कांड्या हातभर लांबीच्याच असतात. एका दांड्यावर परस्परांस काटकोनात कांड्यांच्या दोन माळा बसविलेला यागी आकाशक विशेष प्रचारात आहे. त्यातून वर्तुळाकार ध्रुवण झालेले तरंग निघतात. आयनांबरात तरंगांचे ध्रुवणप्रतल फिरते. परंतु वर्तुळाकार ध्रुवणामुळे त्याचा उपद्रव होत नाही.

अहमदनगर (आता अहिल्यानगर) शहरालगतच्या भिंगार येथून ७४° पू. रेखांशावरील भूस्थिर उपग्रह जवळजवळ थेट दक्षिणेस, क्षितिजापासून सु. ६८° उंचीवर येतो; ८२° पू. वरील उपग्रहाकडे आकाशक वळवावयाचा झाल्यास तो दक्षिणेकडून सु. २१° पूर्वेस फिरवावा लागतो. सीना खोऱ्यातील हा प्रदेश पर्जन्यछायेचा आहे. येथे वर्षाच्या पावसाचा मोठा वाटा मोजक्या सरींतच पडतो. त्यामुळे तासातासाच्या संदेशांपैकी नेमका वादळातील एक हुकला, तरी नोंदीचे मोल बरेच उणावते.

यागी आकाशकाची शक्ती एका दिशेस एकवटते, म्हणून अल्प शक्तीचा प्रेषकही पुरतो. पण वाऱ्याने खांब कलला की संदेश क्षीण होतो. कावळे-पारव्यांच्या बसण्याने कांड्या वाकतात, ही तक्रार क्षुल्लक वाटली तरी खरी आहे. यावर उपाय म्हणून अखंड प्लॅस्टिक आवरणातील बुटके, घुमटाकार आकाशक वापरतात. त्यांची शलाका रुंद असल्याने दिशेतील थोडी चूक खपते. मात्र लाभ कमी असल्याने प्रेषकाची शक्ती वाढवावी लागते, म्हणजेच सौर पट्ट व घटमाला मोठी घ्यावी लागते. झाडीच्या वा दरीच्या जागी हा व्यवहार नेहमीच परवडतो असे नाही.

आकाशक धडधाकट असूनही केंद्र मुके होते, ते बहुधा समाक्ष केबलच्या जोडात पाणी शिरल्याने. जोडावर जलरोधक पट्टी गुंडाळतात आणि केबलला जोडाखाली वळसा देतात, म्हणजे थेंब तेथूनच गळून पडतात. खांब भूसंपर्कित करून केबलवर तडित्‌रोधक बसवितात. ही तपासणी पावसाळ्यापूर्वी करावी लागते.