कॉइलओव्हर: उंची वेगळी, कडकपणा वेगळा

कॉइलओव्हर, म्हणजे शॉकभोवतीच गुंडाळलेली स्प्रिंग, बसवून घेणाऱ्या बऱ्याच जणांचा पक्का समज असतो, की स्प्रिंगखालची आट्यांची रिंग वर फिरवून स्प्रिंग दाबली की गाडी कडक होते. रिंग फिरवताना हाताला चांगलाच जोर लागतो, त्यामुळे हा समज साहजिक आहे. पण तो चुकीचा आहे. स्प्रिंगचा कडकपणा ठरतो तो तारेच्या जाडीवर, वेटोळ्याच्या व्यासावर आणि मोकळ्या वेढ्यांच्या संख्येवर. रिंग यांतलं काहीच बदलत नाही. साधा हिशेब मांडून पाहू. एका चाकावर 300 किलो भार आहे आणि स्प्रिंग दर मिलिमीटरला 6 किलोची आहे, तर ती 50 मिमी दबून स्थिरावेल. आता रिंग फिरवून ती आधीच 10 मिमी दाबून ठेवली, तर गाडी जॅकवरून उतरल्यावर ती आणखी 40 मिमीच दबते. एकूण दाब तोच, 50 मिमी; आणि पुढचा प्रत्येक मिलिमीटर दबायला लागणारे 6 किलोही तेच. बदल होतो तो एवढाच, की गाडी 10 मिमी वर येते आणि चाकाला खाली उतरायला असलेली जागा 50 वरून 40 मिमी होते. खड्ड्यात चाक उतरताना शॉक लवकर पूर्ण उघडतो आणि ठोका बसतो. हाच ठोका मालकाला ‘कडकपणा’ वाटतो आणि गैरसमज आणखी घट्ट होतो. स्प्रिंग दाबत गेल्यावर कडक होत जाणारी, म्हणजे प्रोग्रेसिव्ह, असली तरी फरक पडत नाही. उभ्या गाडीचा भार तोच असल्यामुळे तीही त्याच दाबावर येऊन थांबते.

उंची, स्प्रिंगचा कडकपणा आणि शॉकमधल्या तेलाचा अडसर या तीन वेगवेगळ्या गोष्टी आहेत. कॉइलओव्हरचं खरं मोल हेच, की त्या वेगवेगळ्या हाताळता येतात. आणि त्याबद्दलचे बहुतेक गैरसमज निघतात ते या तिन्ही एकच गोष्ट समजल्यामुळे. एरवी शॉकभोवती स्प्रिंग गुंडाळण्यात नवं काही नाही. 1950 च्या फोर्ड कॉन्सलमध्येही पुढे मॅकफर्सन स्ट्रट होते, आणि आजच्या बहुतेक लहान गाड्यांच्या पुढच्या चाकांवर तीच रचना असते. बाजारातल्या किटमध्ये भर पडते ती आट्यांची आणि फिरवायच्या नॉबची. उलट ‘चारही चाकांना कॉइलओव्हर’ असं म्हणून विकलेल्या किटमध्ये मागे पुष्कळदा कॉइलओव्हर नसतोच. चाकणला तयार झालेली आणि अशा बदलांसाठी हौशी मंडळींची आवडती ठरलेली पोलो घ्या. तिच्या मागच्या अ‍ॅक्सल बीमवर स्प्रिंग एका जागी आणि शॉक दुसऱ्या जागी असतो. तिथे स्प्रिंगची बैठक वर-खाली केली तरी शॉकची लांबी तेवढीच राहते. म्हणून गाडी फार खाली घेतली की जॅकवर चढवताच मागची स्प्रिंग सैल होऊन खडखडते. इथे सुटा भाग सदोष नसतो. उंची त्या भागाच्या मर्यादेबाहेर गेलेली असते.

नॉबचंही तसंच. नॉब शॉकमधल्या तेलाची वाट अरुंद किंवा रुंद करतो. गाडीचं वजन पेलत नाही. वजन पेलते ती स्प्रिंग, आणि तिची हालचाल किती वेगाने शमवायची एवढंच तेल ठरवतं. तरीही ‘सगळे क्लिक घट्ट केले की पकड वाढते’ असं सर्रास मानलं जातं, आणि रेसच्या गाड्या तर दगडासारख्या कडक असतात, असा दाखला दिला जातो. दाखला खरा आहे, पण अर्धा. ट्रॅकचं डांबर सपाट असतं. खडबडीत वाटेवर धावणाऱ्या रॅलीच्या गाड्यांना उलट चाकाची लांब हालचाल आणि तुलनेने मऊ स्प्रिंग लागते. साधी प्रवासी गाडी स्प्रिंगवर सेकंदाला साधारण 1 ते 1.5 वेळा डोलते. ट्रॅकसाठीच्या किटमध्ये हा आकडा 2 च्या वर जाऊ शकतो. टायर जमिनीला टेकलेला असेल तेव्हाच पकड मिळते. ठिगळांच्या रस्त्यावर जास्त घट्ट केलेला शॉक चाकाला खाचेत उतरूच देत नाही. शिवाय उघडतानाचा अडसर फार वाढवला, तर एका धक्क्यातून स्प्रिंग सावरण्याआधी दुसरा येतो आणि गाडी हळूहळू खाली बसत जाते. मग मालक स्प्रिंग मऊ पडली असं समजून नॉब आणखी आवळतो. नॉब पूर्ण बंद करून तिथून क्लिक मोजत मागे यावं आणि दोन्ही बाजूंचा आकडा सारखा ठेवावा.

‘जितकी खाली, तितकी स्थिर’ हा गैरसमज अर्धसत्य असल्यामुळे जास्त चिवट आहे. गुरुत्वमध्य खाली येतो हे खरं. पण मॅकफर्सन स्ट्रटच्या गाडीत लोअर आर्मचं चाकाकडचं टोक वर झुकू लागलं, की ज्या बिंदूभोवती गाडी कलते तो बिंदू गुरुत्वमध्यापेक्षा जास्त वेगाने खाली घसरतो. दोघांमधलं अंतर वाढतं आणि वळणावर गाडी कलवणारा जोरही वाढतो. तो आवरायला आणखी कडक स्प्रिंग लागते. म्हणजे आपणच निर्माण केलेल्या अडचणीवर आपणच खर्च करतो. ‘स्पीडब्रेकरवर सावकाश नेऊ’ हे उत्तर ऐकायला येतं, तेही तपासून पाहू. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकानुसार गोल माथ्याचा गतिरोधक 3.7 मीटर रुंद आणि 10 सेंमी उंच असतो. सुमारे 2.47 मीटर व्हीलबेसची पोलो त्याच्या माथ्यावर उभी राहिली, तर तिची चाकंही त्याच गोलाईवर असतात आणि पोटाखाली फक्त साडेचार सेंमी उंचवटा येतो. पोट जमिनीपासून 165 मिमी वर असलेली गाडी 40 मिमी खाली घेतली तरी ती इथून आरामात जाते. पण गल्लीत रातोरात घातलेला, अर्धा मीटर रुंद आणि 15 सेंमी उंच बांध पूर्णच्या पूर्ण पोटाखाली येतो. तिथे कितीही सावकाश गेलं तरी 125 मिमीची गाडी घासणारच. वेग कमी करून धक्का टळतो, उंची वाढत नाही.

बसवल्यानंतर येणाऱ्या आवाजांबद्दल तर फार अन्याय होतो. ‘शॉक खराब निघाला’ असं म्हणून किट परत पाठवलं जातं, आणि दोष बसवण्यातच असतो. मॅकफर्सन स्ट्रटमध्ये स्टिअरिंग वळवलं की स्प्रिंगसकट सगळा स्ट्रट फिरतो. वरच्या माउंटमधलं बेअरिंग उलटं बसलं किंवा राहून गेलं, तर स्प्रिंग पिळली जाते आणि ‘टंग’ आवाज करून सुटते. गाडी उभी ठेवून एकाने स्टिअरिंग वळवावं आणि दुसऱ्याने स्प्रिंगवर हात ठेवावा. हिसका लगेच जाणवतो. कमी वेगात लहान खड्ड्यांवर ‘खट्‌खट्’ येत असेल, तर आधी अँटी-रोल बारच्या लिंक रॉडकडे पाहावं. दोन्ही लिंक तात्पुरत्या सोडून गाडी सावकाश फिरवली आणि आवाज गेला, तर शॉक निर्दोष आहे. आवाज राहिला, तर लॉक रिंग आणि दांड्याचा वरचा नट तपासावा. हा नट इम्पॅक्ट गनने आवळण्याची घाई फार महागात पडते. नटाबरोबर दांडाही गरगर फिरतो आणि आतलं सील दुखावतं. दांडा अ‍ॅलन कीने धरून हातपान्यानेच नट आवळायला हवा. रबराऐवजी धातूचा गोलक असलेलं माउंट घेतलं असेल, तर थोडा आवाज राहणारच. तो त्या रचनेचाच भाग आहे, आणि विकणाऱ्याने तो आधी सांगायला हवा.

सर्वांत दुर्लक्षित चूक मात्र आवाज न करता होते. लोअर आर्मच्या बुशमधलं रबर आतल्या आणि बाहेरच्या नळीला चिकटलेलं असतं, आणि आर्म हलला की ते पिळलं जातं. चाकं हवेत लोंबत असताना बोल्ट आवळले, तर गाडी जमिनीवर येताच रबर कायमचं पिळलेलं राहतं. गाडी थोडी उंच दिसते, ताठर चालते आणि काही महिन्यांनी बुश फाटतं. ‘आर्मला आपण हातच लावला नाही’ हा युक्तिवादही इथे टिकत नाही, कारण गाडी 40 मिमी खाली आली की न उघडलेले बुशही पिळलेलेच असतात. बोल्ट सैल करून, गाडीचं वजन चाकांवर ठेवून, टॉर्क पान्याने पुन्हा आवळायला हवेत.

अलाइनमेंटही उंची पक्की झाल्यावरच करावी. स्प्रिंग काही शे किलोमीटरमध्ये थोडी बसते, आणि उंची बदलली की टो (चाकांचा आत-बाहेर वळलेला रोख) आणि कँबर (चाकाचा उभा कल) दोन्ही सरकतात. टायर आतून झिजले की दोष कँबरला दिला जातो. प्रत्यक्षात बिघडलेला टो त्याहून फार लवकर टायर खातो. उंची मोजताना टेप जमिनीपासून लावू नये, कारण हवेच्या दाबाने आणि टायरच्या झिजेने आकडा बदलतो. चाकाच्या मध्यबिंदूपासून फेंडरच्या कडेपर्यंतचं अंतर चारही बाजूंना मोजून लिहून ठेवावं, आणि हेडलाइटचा झोत त्यानंतर जुळवावा.