माझा चोवीस बिटी कान

मराठीच्या प्राध्यापकाने रॉक संगीत ऐकावे, हे आमच्या स्टाफरूमला अजून पटलेले नाही. त्यातून यंदा उत्तरपत्रिका तपासल्याचे सगळे पैसे मी एका 'डॅक'वर, म्हणजे आकड्यांचा आवाज करणाऱ्या डबीवर, उधळले. तेव्हा सौ.ने चहाचा डबा जरा जोरातच ठेवला. "वीस वर्षे ऐकताय तीच गाणी, आता त्यात नवे काय ऐकू येणार?"

कागदावर माझी बाजू भक्कम होती. १९८२ साली आलेल्या सीडीत सेकंदाला ४४,१०० नमुने असतात, प्रत्येक १६ बिटांचा. हाय-रेझोल्यूशनमध्ये नमुने ९६,००० किंवा त्याहूनही जास्त, आणि बिट २४! पण माणसाचा कान ऐन तारुण्यातही २० किलोहर्ट्झच्या फारसा पलीकडे जात नाही. सीडी तेवढे देतेच. चाळिशीत तर कान त्याच्याही अलीकडे थांबतो. शिवाय १६ बिटांत सुमारे ९६ डेसिबेलांची चढउतार मावते. रॉकवाल्यांना एवढी लागते कुठे? ते बहुधा चढलेलेच असतात.

इंजिनिअरिंगला असलेल्या भाच्याने परीक्षाच घेतली. पिंक फ्लॉइडचे १९७३ सालचे 'टाइम'. आरंभी घड्याळांचा गजर होतो ते. एकाच ध्वनिमुद्रणाच्या दोन प्रती, एक २४ बिटी, दुसरी तीच सीडीच्या मापाला उतरवलेली. आवाज काटेकोर सारखा. वीस प्रश्न. मला अकरा गुण! "नाणे उडवले असते तरी दहा आले असते," इति सौ.

माझ्यासारखे नापास पुष्कळ आहेत, हे वाचून जरा धीर आला. २००७ साली अमेरिकेत मेयर आणि मोरान यांनी घेतलेल्या चाचण्यांत बरोबर उत्तरे निम्मीच निघाली. २०१६ साली जोशुआ रीस यांनी अठरा प्रयोगांची बेरीज मांडली, ती शंभरात बावन्नच्या आसपास.

मग काही महागड्या प्रती खरोखर गोड लागतात त्या का? त्या पुष्कळदा नव्याने, सावकाश हाताने घडवलेल्या असतात. मेटॅलिकाचा २००८ सालचा 'डेथ मॅग्नेटिक' इतका दाबून मोठा केला होता, की ड्रमचा ठोका पत्रा वाजल्यासारखा फुटे. 'गिटार हीरो' या खेळातली त्याचीच प्रत चाहत्यांना बरी वाटली. दोष बिटांचा नव्हता, हाताचा होता. ध्वनिमुद्रण करणाऱ्याला मात्र २४ बिटांचा खरा उपयोग. पातळी थोडी खाली ठेवली तरी सूक्ष्म आवाज खरखरीत बुडत नाही.

डबी परत करायची मुदत केव्हाच टळली. भाचा ती होस्टेलवर नेतो म्हणतोय. मी अजून दिलेली नाही.